मावशींचं नाव काय हो?

मागच्या वैशाखात मिरजेला एका लग्नाला गेले होते. जेवण झालं, हात धुवायला कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेले, तर नळापाशी सत्तरी गाठलेले एक गृहस्थ रुमालाने हात पुसत उभे होते. माझ्याकडे दोनदा बघितलं आणि म्हणाले, "ताई, सांगलीला विश्रामबागेत मेस चालवायच्या त्या मावशींच्या तुम्ही कोण? कपाळ अगदी तसंच आहे." मी म्हटलं, "भाची. त्या माझ्या आत्या." त्यांचा चेहराच बदलला. "चार वर्षं जेवलोय मी त्यांच्याकडे. इंजिनिअरिंगला होतो." मग तिथेच, ओल्या फरशीवर उभं राहून ते बोलत राहिले. आमटीचा वास कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत यायचा. गावी गेलं तर खाडा धरायचा की नाही यावरून मुलं हुज्जत घालायची आणि मावशी शेवटी मुलांचंच खरं करायच्या. एकदा तापाने फणफणले होते तेव्हा खोलीवर न सांगता पेज आली, वर लोणच्याचा खार. एवढं सगळं सांगून झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "मावशींचं नाव काय हो? चार वर्षं जेवलो, पण नाव कधी विचारलंच नाही."

साधा प्रश्न, पण मी अडखळले. माझ्या आत्याला दोन नावं होती. एक बारशाला पाळण्यात ठेवलेलं. दुसरं लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. पहिलं नाव सासरी कुणी घेतलं नाही. दुसरं रेशनकार्डावर आणि पासबुकात राहिलं, कारण त्या नावाने तिला हाक मारणारे तिचे यजमान ती बत्तीस वर्षांची असतानाच गेले. आम्ही घरचे तिला आक्का म्हणायचो, मुलं मावशी म्हणायची, दूधवाला वहिनी म्हणायचा. कुठलं नाव सांगावं हे मला त्या क्षणी सुचेना, आणि तोंडातून निघालं, "आक्का." ते मान हलवत "आक्का... हां, आक्का" असं पुटपुटले, तेवढ्यात त्यांना कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ते गेले.

पुण्याच्या गाडीत बसल्यावर मला कसंसंच व्हायला लागलं.

आक्काच्या मेसला पाटी नव्हती. रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत लाकडी बाकं, मागे पडवी, पडवीत स्वयंपाक. मी सुट्टीत तिच्याकडे राहायला जायची तेव्हा पहाटे भाकरी थापायच्या आवाजाने जाग यायची. तो आवाज अजूनही मला घड्याळाच्या गजरापेक्षा लवकर उठवतो. उन्हाळ्यात मिरची डंकावर कांडून आणली की पुढचा आठवडाभर तिच्या लुगड्याला चटणीचा वास असायचा आणि मी जवळ गेले की शिंका यायच्या. चटणी म्हणजे आमच्याकडची कांदा-लसणाची, वर्षभराची, बरणीत दाबून भरलेली. रविवारी सकाळी फीस्ट. त्या दिवशी चाळीस मुलांसाठी ती अंडी उकडायची, सोलून उभी चिरायची. मोठ्या लोखंडी तव्यावर तेल, ठेचलेला लसूण, चमचाभर चटणी, आणि त्यावर एकेक अर्धं अंडं पिवळी बाजू खाली करून पालथं. एकदा पालथं घातलं की हलवायचं नाही. मी उलथनं पुढे केलं की ती माझा हात धरायची. "थांब, त्याला त्याचं काम करू दे." मग एका विशिष्ट क्षणी, जो मला अजून नीट पकडता येत नाही, तेलाचा चरचराट जरा जाडसर व्हायचा आणि ती एकामागून एक सगळी उलटायची. पिवळ्या भागावर तांबूस, खरपूस पापुद्रा धरलेला असायचा. त्या पापुद्र्यासाठी मुलं रविवारी गावी जायचं टाळायची.

मी तिला एकदा विचारलं होतं, पाटी का लावत नाहीस? म्हणाली, "पाटी लावली की चौकशीला माणसं येतात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मीही पुढे काही विचारलं नाही.

त्या लग्नाहून आले त्या रात्री झोप लागेना. अशा वेळी मी एका म्हाताऱ्या फ्रेंच माणसाला स्वयंपाक करताना बघते. झाक पेपँ. लॉकडाउनमध्ये कुणीतरी मला त्यांचा एक छोटा व्हिडिओ पाठवला आणि तेव्हापासून ही सवय लागली. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं मॅडिसन गाव, तिथलं त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर, वय तेव्हा ८४. फ्रीजमध्ये जे उरलंय त्यातून काहीतरी करायचं. सुकत चाललेली भाजी, कालचा पाव, अर्धा कांदा. लसणाची पाकळी सुरीच्या पात्याखाली दाबली की साल आपोआप बाजूला होते आणि तेच पातं मागेपुढे फिरलं की लसणाचा लगदा होतो. हे करताना ते बोलत असतात, हाताकडे बघतही नाहीत. अंडं वाटीच्या काठावर फोडत नाहीत, सपाट ओट्यावर आपटतात, म्हणजे कवचाचा चुरा आत जात नाही. मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं ऑम्लेट. ते दोन्ही प्रकार करून दाखवतात. एक खेड्यातलं: लोणी चांगलं तापवायचं, अंडं मोठ्या घड्यांत जमू द्यायचं, खाली तांबूस होऊ द्यायचं. दुसरं हॉटेलातलं: काट्याने भराभर ढवळत, तवा हलवत, बारीक मऊ दाणा धरेपर्यंत, मग तवा कलता करून वळकटी करायची आणि ताटात उतरवायची. फिकट पिवळी, एक डाग नाही. आपलं कांदा-मिरची-कोथिंबिरीचं, जाळीदार कडांचं ऑम्लेट त्या पहिल्याचं सख्खं भावंड आहे. दोन्हींत वरचढ कोण, हे ते सांगत नाहीत. हात वेगळा चालतो म्हणून चव वेगळी येते, इतकंच.

त्या रात्री त्यांनी उकडलेली अंडी आडवी चिरली. पिवळं बाजूला काढून त्यात बारीक लसूण, पार्सली, थोडं दूध, मीठ-मिरपूड घालून कालवलं आणि ते पुन्हा पांढऱ्या वाट्यांत दाबून भरलं. मग तव्यात तेल घेतलं आणि अंडी भरलेली बाजू खाली करून पालथी घातली.

मी उठून बसले.

हा पदार्थ त्यांच्या आईचा. आईचं नाव झानेत, म्हणून तो झानेतची अंडी. सारणातलं थोडं आधीच बाजूला ठेवलेलं असतं, त्यात मोहरीची चटणी आणि तेल फेटून ताटात पसरतात आणि खरपूस झालेली अंडी त्यावर, कोमटच, वाढतात. अंड्यांत अंडी, त्यावर पुन्हा अंड्याचंच. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, मांस मिळत नसताना, तीन मुलांच्या पोटात काहीतरी भरीव जावं म्हणून एका बाईने हातातल्या वस्तू अशाच वळवून वापरल्या असणार, हे ते बघताना सहज कळतं. सांगलीतल्या बाईला आणि या बाईला एकमेकींची काही खबर नव्हती. तापलेल्या तव्याने दोघींना एकच गोष्ट शिकवली. पण एकीच्या पदार्थाला तिचं नाव आहे. रात्री दोन वाजता, पुण्यातल्या माझ्या खोलीत, मला ते नाव माहीत होतं.

झाकचा जन्म डिसेंबर १९३५ चा, फ्रान्समधल्या बूर्ग-आँ-ब्रेस या गावी. त्या भागाची ओळख म्हणजे तिथल्या कोंबड्या: पांढरी पिसं, निळे पाय, लाल तुरा, फ्रान्सच्या झेंड्याचे तिन्ही रंग. वडील लाकडाचं नक्षीदार सामान करणारे कारागीर. युद्ध आलं, वडील जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात गेले, आणि आई सायकल मारत शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून खायला मिळवू लागली. मुलांना उन्हाळ्यात शेतावर ठेवायची, निदान तिथे दूध तरी मिळेल म्हणून. पहिल्या दिवशी आई सोडून गेली तेव्हा झाक रडत होता. तेव्हा त्या घरच्या शेतकरणीने त्याला गोठ्यात नेलं आणि गाईचं दूध काढायला दिलं. ते कोमट, फेसाळ दूध ही आपली खाण्याची पहिली आठवण, असं ते सांगतात. मला यात दुधापेक्षाही ती शेतकरीण दिसते. रडणाऱ्या परक्या पोराला समजावण्याऐवजी तिने त्याच्या हाताला काम दिलं. तिचं नाव काय असेल, हा प्रश्न आधी माझ्या डोक्यात आला नव्हता. त्या रात्री आला.

युद्ध संपल्यावर झानेतने खाणावळ काढली. मग दुसरी, मग लियों शहरात आणखी एक. पेपँ घराण्यात डझनभर खाणावळी होत्या आणि सगळ्या बायकांनी चालवलेल्या. या धंद्यात उतरलेला पहिला पुरुष म्हणजे झाक. लियोंची खवय्येगिरी जगभर नावाजलेली आहे, आणि ती उभी केली बायकांनी. पूर्वी श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या बाया कामावरून सुटल्या, त्यांनी स्वतःची लहान-लहान जेवणघरं काढली. लोक त्यांना 'मेर' म्हणायचे. मेर म्हणजे आई. मेर फियू, मेर ब्राझिए. यातल्या उजेनी ब्राझिए शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या. १९२१ मध्ये लियोंच्या एका गल्लीत त्यांनी जेवणघर सुरू केलं आणि १९३३ मध्ये त्यांच्या दोन्ही ठिकाणांना मिशलँ या जेवणघरांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळाले. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिली व्यक्ती, बाई असो की पुरुष. पुढे जगप्रसिद्ध झालेला आचारी पॉल बोक्यूझ तरुणपणी त्यांच्या हाताखाली राबला होता. मी 'मेर ब्राझिए' हे दोन शब्द बराच वेळ तोंडात घोळवत राहिले. आपण मावशी म्हणतो, ते आई म्हणतात. नातं लावायची रीत तीच. फक्त त्यांच्याकडे नात्याच्या पुढे नाव आलं, आणि ते दारावर लागलं. आमच्याकडे मावशी तिथेच थांबली.

झाकने तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि गावातल्याच मोठ्या हॉटेलात उमेदवारी धरली. घर सोडून राहायचं, भट्टीला कोळसा घालायचा, कोंबड्या सोलायच्या, फरशा घासायच्या. पहिले कित्येक महिने चुलीजवळ उभं राहायची परवानगी नाही. आणि 'का' असं विचारायचं नाही. विचारलंच तर उत्तर एकच: मी सांगितलं म्हणून. ज्या दिवशी मुख्य आचाऱ्याने त्याला चुलीवर यायला सांगितलं तेव्हा आपल्याला स्वयंपाक येतो हे त्याला कळलं. कधी शिकलो हे मात्र कळलं नाही. बघून बघून हातात उतरलं होतं. आक्काने तरी मला कुठे काही शिकवलं? हात धरला आणि थांब म्हणाली. तरी त्या उमेदवारीच्या गोष्टी ऐकताना मला नेहमी थोडं भीतीदायक वाटतं. तेरा वर्षांचं पोर, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अंगावर ओरडणारी मोठी माणसं. ज्याच्या हातात ती विद्या उतरली त्याचं आपण कौतुक करतो. जी पोरं मधेच घरी पळून गेली, त्यांचे हात कुणी बघितले?

तिथून पॅरिस. प्लाझा आतेनेसारख्या बड्या हॉटेलाची भटारखाना-फौज, आणि सक्तीच्या लष्करी सेवेत असताना थेट सरकारप्रमुखांचा खासगी आचारी. १९५६ ते १९५८ या काळात फ्रान्सची सरकारं भराभर पडत होती, त्यामुळे त्याला एकामागून एक तिघांसाठी रांधावं लागलं. शेवटचे द गॉल. रविवारी द गॉल कुटुंबाचं घरचं जेवण असायचं, मादाम द गॉल बेत ठरवायला बोलायच्या. ऐकताना वाटतं, केवढा मान! पण पेपँ सांगतात ते वेगळंच. त्या काळी आचारी समाजाच्या उतरंडीत तळाला होता. मेजवानी संपल्यावर टाळ्या घ्यायला आत बोलावतील, ही कल्पनाच नव्हती. जेवणघरातून निरोप आला तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. वर्तमानपत्रवाले नाहीत, मुलाखती नाहीत. कित्येक देशांचे प्रमुख येऊन जेवून गेले, जेवणामागच्या हातांबद्दल कुणी विचारलं नाही.

हे ऐकताना मला मिरजेचं कार्यालय आठवलं. मी हात धुवायला मागे गेले होते ना, तिथेच पलीकडे आचारी मंडळी उलट्या घातलेल्या पातेल्यांवर टेकून चहा पीत होती. साताठशे पान उठवलेलं. त्यातल्या एकाच्या मनगटावर जुन्या भाजल्याचा गुळगुळीत डाग होता. मी त्यांच्यासमोरून गेले, मठ्ठा फार छान झाला होता असं मनात म्हटलं, आणि तोंडाने काही न बोलता पुढे गेले.

१९५९ मध्ये झाक अमेरिकेला गेला. थोडे दिवस राहू, इंग्रजी शिकू, परत येऊ, असा बेत. न्यूयॉर्कमधलं तेव्हाचं सर्वांत नामांकित फ्रेंच रेस्तराँ ल पाव्हियों, तिथे नोकरी मिळाली. थोड्याच काळात त्याच्यासमोर दोन दारं उघडी होती. एक व्हाइट हाउसचं: नव्याने निवडून आलेल्या केनेडींच्या स्वयंपाकघरात प्रमुख आचारी. दुसरं हॉवर्ड जॉन्सनचं: केशरी छपरांची, हमरस्त्यांवरची, अमेरिकाभर पसरलेली उपाहारगृहांची साखळी. त्याने हॉवर्ड जॉन्सन निवडलं. लोक ही गोष्ट नवल म्हणून सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही. राष्ट्रप्रमुखांच्या चुलीशी उभं राहण्यात काय असतं हे त्याने बघितलेलं होतं. इथे पहिले काही महिने क्वीन्सच्या शाखेत उभं राहून त्याने हॅम्बर्गर उलटले, हॉट डॉग वाढले, अमेरिकन माणूस काय खातो ते बघितलं. मग मध्यवर्ती भटारखान्यात गेला आणि ल पाव्हियोंतलाच त्याचा सहकारी पिएर फ्रानेसोबत तिथली पाककृतींची जबाबदारी उचलली. वाळवलेल्या कांद्याच्या जागी ताजा कांदा, मार्गारीनच्या जागी लोणी. दहा वर्षं. एका ताटात सुंदर वाढणं वेगळं, आणि हजारो माणसांना रोज तीच चव पोचवणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीला कौशल्य न मानणाऱ्या माणसाने चाळीस मुलांची मेस एक महिना चालवून बघावी. शिंपल्यांच्या सुपाच्या प्रचंड कढईत खारटपणा बिघडला तर तो दुरुस्त कसा करायचा, हे द गॉलच्या घरी शिकायला मिळालं नसतं.

आणि त्या नोकरीत संध्याकाळ मोकळी मिळायची. तेराव्या वर्षी शाळा सुटलेला हा तरुण कोलंबिया विद्यापीठात आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या वर्गात बसला, मग पदवी घेतली, १९७२ मध्ये फ्रेंच साहित्यात एम. ए. केलं. पीएच.डी.साठी विषय मांडला: फ्रेंच साहित्याच्या अंगाने जेवणाचा इतिहास. उत्तर आलं, जेवण हा गंभीर अभ्यासाचा विषय नाही. तो तिथून निघाला. हा नकार मला द गॉलच्या जेवणघरापेक्षा जास्त लागतो. तिथे निदान कुणी काही बोललं नव्हतं; इथे शिकल्यासवरलेल्या माणसांनी विचार करून सांगितलं. पुढे वीसेक वर्षांनी अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या प्रसिद्ध सुगरण ज्युलिया चाइल्ड आणि पेपँ या दोघांच्या पुढाकाराने बॉस्टन विद्यापीठात खाद्यसंस्कृतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा राहिला. म्हणजे विषय झाला. तोवर पेपँच्या आईच्या पिढीतल्या कितीजणी आपली चव बरोबर घेऊन गेल्या असतील, त्याचा हिशेब कुठल्याच विद्यापीठात मिळणार नाही.

१९७४ मध्ये गाडीसमोर हरीण आलं. त्या अपघातात पेपँच्या अंगातली डझनभर हाडं मोडली. वय ३८. हॉटेलच्या भट्टीसमोर रोज बारा-चौदा तास उभं राहणं संपलं. मग ते शिकवायला लागले, गावोगावच्या लहान-लहान पाकशाळांत जाऊन. १९७६ मध्ये त्यांनी एक जाडजूड पुस्तक केलं: फोटोंवर फोटो, त्यात मुख्यतः हात. कांदा धरलेला हात, कोंबडीचं हाड सोडवणारा हात, बोटं आत वळवून सुरीला टेकलेले पेर. पुस्तकाचा विषय पदार्थ नव्हेत, तर हाताने करायची एकेक कृती. जो चेहरा नंतर टीव्हीमुळे घराघरात गेला, तो त्या पानांवर फारसा नाहीच. मला वाटतं, चुलीपासून लांब जावं लागलं म्हणूनच त्यांना आपल्या हातांकडे बाहेरून बघता आलं. आक्काच्या हातांचा माझ्याकडे एकही फोटो नाही. लग्नातला एक आहे, त्यात ती मागच्या रांगेत आहे, हात पदराखाली.

त्यांची पत्नी ग्लोरिया न्यूयॉर्कची, प्वेर्तो रिको आणि क्यूबाचं रक्त असलेली. तिच्यामुळे पेपँच्या घरात काळ्या घेवड्याचं सूप आलं, त्यावर केळ्याचे काप आणि कोथिंबीर. फ्रेंच आचारी म्हणून जगभर ओळखला गेलेला माणूस घरी कोथिंबीर चिरतो, हे मला फार जवळचं वाटतं. या दोघांनी लग्नानंतर एक रीत पाळली. घरी कुणी जेवायला आलं की त्या दिवसाचा बेत एका वहीत लिहायचा, पेपँ भोवती वेलबुट्टी रंगवणार, एखादी कोंबडी काढणार, आणि समोर पाहुण्यांनी सह्या करायच्या. पन्नासहून जास्त वर्षांच्या अशा वह्या साठल्या. कोण आलं, काय जेवलं. पेपँच्या आईने कोणत्या दिवशी काय खाल्लं होतं, ते त्यात आहे. डिसेंबर २०२० मध्ये ग्लोरिया गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि पूर्वीसारखंच काहीतरी साधं केलं. आवाज जरा खाली आला होता. सुरी तशीच चालत होती.

झानेतचं नाव माझ्यापर्यंत आलं याचा आनंद मला आहे, आणि त्याच आनंदात एक काटाही आहे. तिचा मुलगा समुद्र ओलांडून गेला, मोठा झाला, टीव्हीवर आला, म्हणून ते नाव आलं. तिच्या घरातल्या बाकीच्या डझनभर चुलींवर कोण उभ्या होत्या? आक्काचा मुलगा वीज मंडळात कारकून होता, चांगला मुलगा, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. त्याने पदार्थाला नाव द्यायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं असतं?

वह्यांवरून मला आठवलं. आक्काकडेही वही होती. खाड्यांची. दुसऱ्या दिवशी मी आतेभावाला फोन केला. तो म्हणाला, "असेल माळ्यावर, बघतो." आठवड्याने कुरिअरने आली, एक नाही तर तीन. लाल पुठ्ठ्याच्या लांब वह्या, कोपरे कुरतडलेले, आणि उघडल्यावर, मी खोटं सांगत नाही, चटणीचा वास. पहिल्या पानावर श्री, खाली साल. पुढे प्रत्येक मुलाला एक पान. वर त्याचं पूर्ण नाव, गाव. खाली तारखांच्या चौकटी, खाड्याला फुली. आणि समासात, पेन्सिलने, तिच्या तिरक्या अक्षरात: 'सोमवार उपास'. 'भात जास्त'. 'वांगं चालत नाही'. 'फीचे पैसे भरलेत, या महिन्यात मागू नये'. तिसरी चौथी शिकलेली माझी आत्या दीडशेच्या वर मुलांची पूर्ण नावं लिहून ठेवत होती. तिन्ही वह्या मी शेवटच्या पानापर्यंत बघितल्या. तिचं स्वतःचं नाव कुठेही नव्हतं.

लग्नघरातून त्या गृहस्थांचा नंबर मिळवायला दोन दिवस लागले. फोन लागला तेव्हा दुपार होती, पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मी ओळख दिली. त्यांना लगेच आठवलं. मी म्हटलं, "काका, तुमचं पान सापडलंय," आणि त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, त्यांच्या गावासकट, वाचून दाखवलं. मग समासातलं वाचलं. 'तिखट कमी'. त्याखाली, वेगळ्या पेन्सिलीने: 'घरी आई आजारी. खाडे विचारू नये'.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग खाकरल्याचा आवाज आला. म्हणाले, "मी तर कुणाला सांगितलं नव्हतं हे." आणि थोड्या वेळाने, "ताई, मी तुम्हाला त्या दिवशी नाव विचारलं होतं."

मी म्हटलं, दोन आहेत.

"दोन्ही सांगा," ते म्हणाले. "पण सावकाश. थांबा, वही घेतो." खुर्ची सरकली, कपाटाचा खण उघडला, आणि फोनच्या त्या बाजूला ते पेन शोधायला लागले.